डबा रूमवर नेणारी पोरं : अकरावी-बारावीतला एकटेपणा

ताटवाटी
राजारामपुरीत माझी मेस आहे. क्लाससाठी कोल्हापुरात आलेली अकरावी-बारावीची पोरं-पोरी जेवायला असतात. चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडीची जास्त, थोडी निपाणीकडची. लॉकडाऊनच्या आधी सगळी इथंच टेबलावर बसून जेवायची. मेस परत सुरू केली तेव्हा डब्याची पद्धत आली, ती राहिलीच. आता निम्म्याहून जास्त जण डबा रूमवर नेतात. माझे पैसे तेवढेच मिळतात, भांडी कमी पडतात, त्या बाजूनं तक्रार नाही.

पण डबा परत येतो तेव्हा उघडल्यावर बरंच कळतं. चपात्या तशाच, भाजीला हात लावलेला नाही, आमटीवर साय धरलेली. एकदा-दोनदा झालं तर बाहेर वडापाव खाल्ला असेल म्हणते. आठवडाभर तेच झालं की मी त्या पोराला थांबवते. उत्तर ठरलेलं असतं, "मावशी, भूक नव्हती." अजून थोडं विचारलं की कळतं, दिवसभरात तोंडातून शब्दच निघालेला नसतो. सकाळी क्लास, दुपारी टेस्ट, संध्याकाळी रूम. रूम पार्टनर असतो, पण तोही कानात इअरफोन घालून लेक्चर बघत असतो.

ही पोरं वाया गेलेली नाहीत. हुशार आहेत, दहावीला नव्वदच्या वर मार्क आहेत. गावाकडं अख्खी गल्ली त्यांना नावानं ओळखते. इथं आल्यावर त्यांचा पत्ता फक्त हजेरीच्या मशीनला असतो. अंगठा लागला नाही की बापाच्या मोबाईलवर मेसेज जातो आणि रात्री बाप ओरडतो. पण "काल का नव्हतास रे?" असं शेजारी बसणारं कुणी विचारत नाही. ज्या कॉलेजात नाव घातलंय तिथं बरेच जण फक्त प्रॅक्टिकलला जातात, म्हणजे तिथंही कुणाला पत्ता नाही.

या वयाच्या पोराला फार माणसं लागत नाहीत असं मला वर्षानुवर्षं बघून वाटतं. आपण आज आलो नाही हे एका तरी माणसाच्या ध्यानात यावं, एवढं पुरतं. ती ध्यानात ठेवणारी ठिकाणं आपल्या गावात एकेक करून कमी झालीत. तुम्हाला काय दिसतंय तेही लिहा. विशेषतः ज्यांची मुलं या वयाची आहेत त्यांनी.

गंगावेशकर
मावशी, बरोबर लिवलंयसा. आमच्या तालमीत पोरगं दोन दिवस मातीत उतरलं न्हाई की तिसऱ्या दिवशी वस्ताद दारात. "का रं, ताप हाय व्हय?" एवढंच इचारायचा. पर त्या भ्यानं म्हणा, मायेनं म्हणा, कोण घरात कोंडून बसत न्हवतं.

फुटबॉलचं बी तेच. शाहू स्टेडियमवर तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच असली की बारा-तेरा वर्साचं पोरगं पाण्याच्या बाटल्या घिऊन टीमसंगं जातंय. खेळत न्हाई, पर टीमचं हाय. हरलो तर सगळ्यांसंगं रडतंय. आता पेठांतली निम्मी घरं कळंबा, पाचगाव, फुलेवाडीकडं फ्लॅटात गेली. तिथं पार्किंग हाय, लिफ्ट हाय, कट्टा न्हाई. पोरगं लिफ्टनं वर गेलं की सकाळपर्यंत दिसत न्हाई.

कळंब्याची आई
गंगावेशकर काका, तुम्ही आमच्याच घरावर लिहिलंय असं वाटलं. आम्ही मंगळवार पेठेतून कळंब्याला आलो. मुलगी तेव्हा नववीत होती, आता अकरावीत आहे. पेठेत सासूबाईंच्या आवाजात आणि गल्लीच्या गलक्यात तिला अभ्यास जमत नाही म्हणून मोठ्या हौसेनं तिला स्वतंत्र खोली दिली. आता ती खोलीतून बाहेर येत नाही. जेवताना विचारलं तर "ठीक आहे", "हो", "माहीत नाही" एवढंच. शनिवारी पूर्वीच्या मैत्रिणींकडे सोडते म्हटलं तर "त्यांचा ग्रुप आता वेगळा झालाय" म्हणते. रात्री दीड-दोनपर्यंत खोलीत उजेड दिसतो.

या सगळ्याचं मूळ मोबाईल आहे असं तिचे बाबा म्हणतात आणि काढून घ्यायचं म्हणतात. मला धीर होत नाही. कुणी सांगेल का, काढून घ्यावा की नाही?

निळी छत्री
मी शाळा-कॉलेजच्या मुलांचं समुपदेशन करते, कोल्हापुरातच. मोबाईलचा प्रश्न जरा नंतर घेते, कारण आधी ताटवाटी मावशींचं निरीक्षण किती नेमकं आहे ते सांगायचंय.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली माणसांतल्या तुटलेल्या नात्यांवर मोठा अहवाल काढला. जगात साधारण सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. १३ ते २९ या वयात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे आणि त्यातही किशोरवयीन मुलं सगळ्यांत वर आहेत. आपण वृद्धांचा एकटेपणा बोलून दाखवतो, या वयाचा मात्र दिसतच नाही, कारण मुलं शाळेत, क्लासमध्ये, घरात सतत माणसांत असतात.

शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी या विषयात अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं की एकटेपणाची टोचणी ही भुकेसारखी शरीराची सूचना आहे, माणसांकडे जा असं सांगणारी. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. चाळीस प्रौढ माणसांना एक दिवस दहा तास एकटं ठेवलं, फोनसुद्धा नाही. दुसऱ्या एका दिवशी दहा तास उपाशी ठेवलं. नंतर मेंदूचं स्कॅनिंग केलं. उपाशी माणसाला जेवणाचं चित्र दाखवल्यावर मेंदूचा जो भाग जागा झाला, तोच भाग एकट्या ठेवलेल्या माणसाला गप्पा मारणाऱ्या लोकांचं चित्र दाखवल्यावर जागा झाला. दहा तासांत, तेही मोठ्या माणसांमध्ये.

पण भूक लागली की माणूस स्वयंपाकघराकडे वळतो. एकटेपणा लांबला की मूल माणसांपासून आणखी लांब जातं, आणि घरच्यांना कोड्यात टाकतं ते हेच. मेंदू सावध होतो, प्रत्येक गोष्टीत नकार शोधायला लागतो. मैत्रिणीनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, म्हणजे तिला मी नकोय. दोघी माझ्याकडे बघून हसल्या, म्हणजे मलाच हसल्या. मग अपमान नको म्हणून मूल स्वतःच जाणं बंद करतं. "त्यांचा ग्रुप वेगळा झालाय" या वाक्यात ग्रुप खरंच वेगळा झाला असेल, किंवा हे सावध मनाचं भाषांतर असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

या वयात हे जास्त का लागतं, यावर लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये आला. संगणकावर तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात असा साधा खेळ. थोड्या वेळानं उरलेले दोघं तुमच्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. एवढ्यानंही किशोरवयीन मुलींचा मूड मोठ्या बायकांपेक्षा जास्त खाली गेला. म्हणून "एवढ्या तेवढ्याचं काय मनाला लावून घेतेस" असं कृपा करून म्हणू नका. तिच्या वयाला ते एवढं-तेवढं नसतं.

चंदगडी
मी याच मेससारख्या एका मेसचा डबा खाल्लेला पोरगा आहे. आता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या दोन वर्षांबद्दल घरी अजून कधी बोललो नाही, इथं लिहितो.

पहिल्या महिन्यात क्लासमध्ये सरांनी उत्तर विचारलं. मी आमच्याकडच्या बोलीत उत्तर दिलं आणि मागचा बेंच हसला. उत्तर बरोबर होतं. त्यानंतर मी क्लासमध्ये बोललोच नाही. डाउट विचारायला गेलो नाही, म्हणून फिजिक्स मागं पडलं. मागं पडलं म्हणून बॅच बदलली. बॅच बदलल्यावर जे एक-दोघं ओळखीचे होते तेही सुटले. घरी फोनवर "सगळं मस्त" म्हणायचो, कारण फीसाठी बाबांनी काय केलं होतं ते मला माहीत होतं. अभ्यासाला बसायचो, चार-चार तास तेच पान समोर असायचं.

सगळ्यात वाईट वेळ रविवारची संध्याकाळ. रविवारी रात्री मेस बंद असते, हे सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापूरची पोरं घरी मटणाच्या रश्श्यावर, आणि आम्ही रूमवर बिस्किटाचा पुडा घेऊन. मी सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर जाऊन चंदगडच्या गाडीजवळ उभा राहायचो, गावाकडचं कुणी भेटलं तर बोलायला. गाडी सुटली की परत चालत रूमवर.

मला बाहेर काढलं ते झेरॉक्सच्या दुकानातल्या दादानं. मी आठवडाभर नोट्सला गेलो नाही तर पुढच्या वेळी म्हणाला, "काय रे चंदगड, होतास कुठं?" मावशी, तुम्ही लिहिलंय तसंच झालं.

निळी छत्री
चंदगडी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुझ्या पोस्टमधला फिजिक्सचा भाग सगळ्या पालकांनी परत वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अहवालात असंही आहे की एकटेपणा जाणवणाऱ्या किशोरांना कमी गुण किंवा कमी शिक्षण मिळण्याची शक्यता २२ टक्क्यांनी जास्त असते. आपण मार्कांसाठी मुलांचं खेळणं, लग्नकार्याला जाणं, मैत्रिणीचा वाढदिवस बंद करतो आणि त्यानंच मार्क जातात.

अजून एक. २०२० मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी मुलांच्या आणि तरुणांच्या एकटेपणावरचे ६३ अभ्यास एकत्र तपासले. एकटेपणा किती तीव्र होता यापेक्षा तो किती काळ टिकला, याचा पुढच्या नैराश्याशी जास्त संबंध दिसला. म्हणजे "बारावी होईपर्यंत काढ कसंतरी, पुढं आयुष्य पडलंय मजा करायला" हा सल्ला नेमका उलटा आहे. दोन वर्षं हा फार मोठा काळ आहे. त्यात आपल्याकडची ही बॅच बघा. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आत्ताची अकरावीची मुलं चौथी-पाचवीत होती. त्याच्या आधी २०१९ चा महापूर, नंतर २०२१ चा. मैत्री करायला शिकायची वर्षं यांनी स्क्रीनसमोर आणि स्थलांतरात काढली.

बारावी सायन्स
मी १७ वर्षांची आहे. आई ही साइट वाचते, तिच्यामुळे कळलं. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

मोबाईल काढून घेऊ नका. माझी एकच मैत्रीण आहे जिच्याशी मी खरं बोलते. ती नागपूरला आहे, आम्ही अजून भेटलो नाही. रात्री एक वाजता मी रील्स बघत नसते, तिच्याशी बोलत असते. दिवसभर मला एवढंच माणूस मिळतं. ते काढून घेतलं तर मी शांत बसून अभ्यास करेन असं मोठ्यांना का वाटतं?

दुसरं, काकांनी तालीम, कट्टा, फुटबॉल सगळं लिहिलं, छान आहे. पण यात आम्ही कुठं आहोत? कट्ट्यावरून जाताना आम्ही मान खाली घालून जातो. रंकाळ्यावर एकटी मुलगी अर्धा तास नुसती बसली तर कुणीतरी ओळखीचं घरी सांगतं. मैत्रिणीकडं जायचं तर कुणाकडं, भाऊ घरी आहे का, कधी येणार. मुलांना कुठं होतास विचारतात, आम्हाला कशाला गेली होतीस विचारतात. त्यापेक्षा खोली बरी, असं आपोआप होतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली अशाच आहेत. शहाण्या मुली म्हणतात आम्हाला, घर सोडत नाहीत म्हणून.

गंगावेशकर
पोरी, तुझं खरं हाय. आमच्या पेठेत दर गल्लीत पोरांसाठी जागा हाय, पोरींसाठी एक न्हाई. हळदीकुंकू आन नवरात्र सोडलं तर पोरगी बाहेर दिसत न्हाई. आमच्या तालमीचा वरचा हॉल दुपारी रिकामा असतोय. कमिटीत बोलतो. कोण काय म्हणंल ते म्हणू दे.

कागदी
इतिहासाचा शिक्षक आहे, म्हणून थोडं मागचं. खेड्यातलं पोर शिकायला शहरात आलं तर त्याचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर या गावानं सव्वाशे वर्षांपूर्वी शोधलं होतं. शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक वसतिगृहं उभी राहिली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झालं. विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून कोल्हापूरचं नाव झालं ते यामुळे. फी माफ करून किंवा शिष्यवृत्ती देऊन काम भागवता आलं असतं. पण पोराला राहायला जागा, पंगतीत जेवण आणि लक्ष ठेवणारं वडीलधारं माणूस या तिन्ही गोष्टी लागतात हे तेव्हा ओळखलं गेलं. आज राजारामपुरीत आणि शाहूपुरीत आपण त्यातली फक्त जागा भाड्यानं देतो, तीही पत्र्याचं पार्टिशन घालून. आलेल्या पोराच्या मनाचं पालकत्व घरमालकाकडं नाही, क्लासकडं नाही, कॉलेजकडंही नाही.

कळंब्याची आई
बारावी सायन्स, तू माझी मुलगी नाहीस, पण तुझं वाचून मी तिच्या खोलीचं दार वाजवलं. मोबाईलबद्दल काही बोलले नाही. नुसतं विचारलं, रात्री कुणाशी बोलतेस, मलाही सांग ना तिच्याबद्दल. थोडं बोलली. फार नाही. निळी छत्री ताई, पुढं काय करू? आणि घाबरायचं कधी, तेही सांगा.

निळी छत्री
तुम्ही केलंत तेच पुढंही करत राहा. आता मोबाईलचं सांगते. मूल फोनवर किती वेळ आहे यापेक्षा काय करतंय ते बघा. कुणाशी बोलत असेल, एकत्र खेळत असेल, तर तो धागा आहे, तोडू नका. तासन्‌तास दुसऱ्यांची आयुष्यं नुसती बघत असेल तर एकटेपणा वाढू शकतो. झोपेचं मात्र ठरवा. या वयात झोप मुळातच उशिरा लागते, त्यात सकाळी सहाचा क्लास. अपुऱ्या झोपेत मनाची सावधगिरी आणखी वाढते. मैत्रिणीशी बोलायची वेळ संध्याकाळी मोकळी करून दिलीत तर रात्रीचा एक वाजणार नाही. अभ्यासाच्या वेळापत्रकात ती वेळ लिहूनच टाका.

"बाहेर जा, मित्र कर" या सल्ल्याचा उपयोग कमी होतो. एकटेपणावर केलेल्या उपायांचा आढावा २०११ मध्ये घेतला गेला. नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा मनातला "मी कुणालाच नकोय" हा हिशोब तपासायला मदत केली तर जास्त फरक दिसला. घरी हे असं करता येतं: तिनं मेसेजला उत्तर का दिलं नसेल, अजून काय कारणं असू शकतील, असं सोबत बसून मोजायचं. "तुझाच गैरसमज" असं म्हणायचं नाही. आणि मुलाला काहीतरी काम द्यायचं, ज्यात त्याच्याशिवाय अडेल. काकांनी लिहिलेलं बाटल्या नेणारं पोर आठवा.

घाबरायचं कधी? दोन आठवड्यांच्या वर झोप, जेवण, अंघोळ बिघडलेली असेल, आवडीचं सगळं सुटलं असेल, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, किंवा "मी नसलो तर बरं होईल" असं बोलणं आलं, तर थांबू नका. मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मूल सुटकेचा श्वास टाकतं. अशा वेळी त्याला एकटं ठेवू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना १०९८ वरही फोन करता येतो. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं जायला लाजू नका.

ताटवाटी
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. चंदगडी बाळा, रविवारची संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. रविवारी सुट्टी ही मेसवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आम्हालाही एक संध्याकाळ घरची लागते. पण मी ठरवलंय, या रविवारपासून संध्याकाळी मेस उघडी ठेवणार. साधंच, आमटी-भात आणि पापड. पैसे नाहीत. अट एकच, डबा मिळणार नाही, बसून जेवायचं. आणि वाढायला पोरांनीच घ्यायचं, म्हणजे एकमेकांची नावं तरी कळतील. बाकीच्या दिवशीही जी पोरं इथं बसून जेवतील त्यांना ताक जास्तीचं.

चंदगडी
मावशी, मी येतो वाढायला. अकरावीच्या पोरांची मॅथ्सची अडचण असेल तर जेवण झाल्यावर तासभर बसेन.

कळंब्याची आई
भाताला एक मोठं पातेलं माझ्याकडून. मुलीला विचारलं, येशील का वाढायला. "बघते" म्हणाली. आमच्याकडं "नाही"च्या ऐवजी "बघते" हे बऱ्याच दिवसांनी आलंय.

बारावी सायन्स
मावशी, मुलींचं कसं करणार? आमच्या कितीतरी रूम्सचं गेट साडेसातला बंद होतं. तुमचं जेवण आठला असेल तर एकही येणार नाही.

ताटवाटी
बरं झालं बोललीस. मग साडेसहाला पहिली पंगत, मुलींना आधी. आणि गेटचं मी बघते. त्या गल्लीतल्या दोन घरमालकिणी माझ्या भिशीत आहेत, उद्याच बोलते. तुझ्या रूमची गल्ली कितवी आहे ते इथं लिहू नकोस, मेसवर येऊन सांग.